थंडरबर्ड सीपीयू खातोय? आधी तो कोणत्या फाइलला चिकटलाय ते बघा

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकल्याने प्रोसेसरवरचा, म्हणजे सीपीयूवरचा भार कमी होत नाही. तरीही म्हापशापासून मडगावपर्यंत कुठल्याही कार्यालयात हा पहिला उपाय म्हणून केला जातो. अर्धा दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी पंखा पुन्हा घोंघावू लागतो. प्रोग्रॅम एका जागी असतो आणि तुमची मेल, तिचा इंडेक्स (शोधाची सूची), ॲड-ऑन (वरून जोडलेल्या सोयी) व सेटिंग दुसऱ्या जागी, म्हणजे प्रोफाइल फोल्डरमध्ये. विंडोजवर हा फोल्डर वापरकर्त्याच्या ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स या वाटेवर सापडतो. अनइन्स्टॉल केलं तरी त्याला हात लागत नाही. बिघाड जवळजवळ नेहमी तिथेच असतो, त्यामुळे नव्याने टाकलेला प्रोग्रॅम तोच जुना बिघाड उघडून बसतो.

वाट लक्षात ठेवायची गरज नाही. 'हेल्प' मेनूतून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, 'प्रोफाइल फोल्डर'च्या ओळीतलं 'ओपन फोल्डर' दाबा. वरची मेनूपट्टी दिसत नसेल तर 'ऑल्ट' दाबला की येते. पुढे काहीही करण्याआधी थंडरबर्ड बंद करून या अख्ख्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. पॉप खातं (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) वापरणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. त्यांची मेल बहुतेक वेळा सर्व्हरवर राहिलेलीच नसते.

आकडा किती आहे, त्यावरून काय कळतं

'कंट्रोल-शिफ्ट-एस्केप' दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स' टॅबमध्ये थंडरबर्डची ओळ बघा. काही न करता उघडा ठेवलेला थंडरबर्ड एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. मेल उतरताना तो क्षणभर उसळतो आणि खाली येतो, त्यात काळजीचं काही नाही.

काळजी वाटावी ती एकाच जागी रुतून बसलेल्या आकड्याची. प्रोसेसरचे एकूण थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या वाटा) किती, त्याने १०० ला भागून बघा. चार थ्रेडच्या जुन्या मशीनवर २५ टक्के, आठ थ्रेडवर साडेबारा, बारा थ्रेडवर आठच्या आसपास. थंडरबर्ड नेमका त्या आकड्यावर अडला असेल तर एक थ्रेड पूर्ण जुंपला गेला आहे आणि एकच काम पुन्हा पुन्हा करतो आहे. 'फक्त बारा टक्के तर आहे' म्हणून अनेकजण हे सोडून देतात, पण बाराचा तो आकडा म्हणजे एका थ्रेडचे शंभर टक्के. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं ते यामुळेच. लिनक्सवर 'टॉप'मध्ये हीच गोष्ट सरळ १०० म्हणून दिसते.

आकडा वरखाली होत असेल आणि बरोबरीने डिस्कही चालू असेल, तर काहीतरी खरोखर वाचलं-लिहिलं जातंय. मग कोणती फाइल, एवढंच शोधायचं.

फाइल कशी पकडायची

स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा. 'डिस्क' टॅबमध्ये वरच्या यादीत थंडरबर्डच्या नावापुढे खूण करा. खाली 'डिस्क ॲक्टिव्हिटी'त फक्त त्याच्याच फाइली उरतात. 'टोटल'च्या मथळ्यावर टिचकी मारली की सगळ्यात जास्त घासली जाणारी फाइल वर येते. दोन-तीन मिनिटं नुसतं बघत राहा.

'ग्लोबल-मेसेजेस-डीबी' नावाची एसक्यूलाइट (डेटाबेसची) फाइल वर असेल तर इंडेक्सर, म्हणजे शोधाची सूची बनवणारा भाग काम करतोय. 'एनएसटीएमपी' असं नाव दिसलं तर फोल्डर कॉम्पॅक्ट होतोय (डिलीट केलेल्या मेलची जागा मोकळी होतेय) किंवा होता होता अडकलाय. एक्स्टेंशन नसलेली नुसती 'इनबॉक्स' किंवा 'ऑल मेल' अशी फाइल असेल तर मेल उतरतेय. एमएसएफ एक्स्टेंशनची फाइल सारखी लिहिली जात असेल तर त्या फोल्डरची सूची बिघडलीय. कॅलेंडरची कॅशे (साठवलेली प्रत) असेल तर कारण कॅलेंडर. आणि डिस्क शांत पण प्रोसेसर तापलेला असेल, तर कारण पडद्यावर किंवा ॲड-ऑनमध्ये शोधायचं.

बरोबरीने दोन झटपट चाचण्या करता येतात. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारून ऑफलाइन व्हा. आकडा मिनिटभरात उतरला तर दोष सर्व्हरशी चाललेल्या देवघेवीत आहे. नाही उतरला तर 'एफ-आठ' दाबून मेल दाखवणारा खालचा भाग बंद करा. त्याने उतरला तर समोर उघडलेली मेलच गुन्हेगार आहे, बहुधा हलत्या चित्रांची एखादी जाहिरात किंवा शेकडो उत्तरं एकात एक गुंफलेला धागा. अशा मेलसाठी 'व्ह्यू' मेनूत 'मेसेज बॉडी ॲज' मधून 'प्लेन टेक्स्ट' निवडा.

इंडेक्सर: सगळ्यात मोठा संशयित

सर्व खात्यांत एकत्र शोध घेण्याची सोय थंडरबर्डमध्ये २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. तिच्यासाठी प्रत्येक मेलचा मजकूर वाचून एका डेटाबेसमध्ये नोंदवला जातो. हे काम पाठीमागे, मशीन रिकामं असताना व्हावं अशी रचना आहे. नवं खातं जोडल्यावर, एखाद्या मोठ्या अपग्रेडनंतर किंवा जुनी मेल आयात केल्यावर काही तास भार राहतो, आणि तो रास्त आहे.

रास्त की अडकलेला, हे 'टूल्स' मधल्या 'ॲक्टिव्हिटी मॅनेजर'मध्ये दिसतं. तिथे कोणत्या फोल्डरमधल्या किती मेलपैकी कितव्या मेलपर्यंत काम आलं ते लिहिलेलं असतं. आकडा पुढे सरकत असेल तर हात लावू नका. संध्याकाळी मशीन चालू ठेवून घरी जा, स्लीप तेवढं बंद करा. तोच फोल्डर, तोच आकडा तासभर दिसत असेल तर त्या फोल्डरमध्ये एखादी मोडकी मेल आहे. इंडेक्सर तिच्यापाशी ठेचकाळतो, मागे जातो, पुन्हा तिथेच येतो.

आधी त्या एकाच फोल्डरवर इलाज करा: फोल्डरवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. त्याने काम भागलं नाही तरच अख्खा इंडेक्स नव्याने बांधायचा. थंडरबर्ड बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये त्याची एकही प्रक्रिया शिल्लक नाही याची खात्री करा. खिडकी मिटली तरी प्रक्रिया काही वेळ रेंगाळते. मग प्रोफाइलमधली 'ग्लोबल-मेसेजेस-डीबी' फाइल काढून टाका आणि थंडरबर्ड सुरू करा. मेल जात नाही, फक्त शोधाची सूची पुन्हा तयार होते. त्या काळात प्रोसेसर आधीपेक्षाही जास्त चालेल. तेव्हा घाबरून मध्येच प्रोग्रॅम बंद करू नका, आणि हे काम सोमवारी सकाळी काढू नका.

नव्याने बांधण्याआधी एक छाटणी जरूर करा. जंक, ट्रॅश आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या आर्काइव्ह फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'इन्क्लूड मेसेजेस इन धिस फोल्डर इन ग्लोबल सर्च रिझल्ट्स' ही खूण काढा. इंडेक्सचं आकारमान आणि वेळ दोन्ही खाली येतात.

खरं सांगायचं तर बऱ्याच कार्यालयांना ही सोय लागतच नाही. पाठवणाऱ्याच्या नावाने किंवा विषयाने शोधायला फोल्डरमधलं 'क्विक फिल्टर' पुरतं, त्याला हा डेटाबेस लागत नाही. 'कंट्रोल-शिफ्ट-एफ'ने उघडणारा सविस्तर शोधही त्याच्यावाचून चालतो, फक्त थोडा सावकाश. चार जीबी रॅमच्या मशीनवर 'सेटिंग्ज', 'जनरल', 'इंडेक्सिंग' इथली 'एनेबल ग्लोबल सर्च अँड इंडेक्सर' ही खूण सरळ काढलेली बरी. तिथेच विंडोजच्या शोधाला मेल पाहू देण्याची खूण असेल तर तीही काढा. ती असली की विंडोजला शोधता यावं म्हणून मेलमागे एकेक वेगळी छोटी फाइल तयार होत राहते.

कॉम्पॅक्ट, आणि डिस्कवरची जागा

डिलीट केलेली मेल फाइलमधून लगेच जात नाही. नेहमीच्या साठवणीत एका फोल्डरची सगळी मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये असते. डिलीट म्हणजे तिथे फक्त 'हिला धरू नये' अशी खूण. कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड उरलेल्या मेल एका तात्पुरत्या फाइलमध्ये नव्याने लिहितो आणि मग जुनी फाइल बदलतो. म्हणजे १२ जीबीचा इनबॉक्स कॉम्पॅक्ट करायला साधारण तेवढीच जागा मोकळी हवी. ती नसेल तर काम अर्ध्यावर तुटतं, तात्पुरती फाइल पडून राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: डिस्कवर सगळ्यात मोठ्या फोल्डरच्या दीडपट जागा करा, प्रोग्रॅम बंद करून जुन्या 'एनएसटीएमपी' फाइली काढा, मग ट्रॅश आणि जंक रिकामे करा, आणि शेवटी एकेक फोल्डर उजव्या टिचकीने कॉम्पॅक्ट करा. 'फाइल' मेनूतलं सगळे फोल्डर एकदम कॉम्पॅक्ट करणारं बटण पहिल्याच वेळी नको. कुठे अडकलं ते त्यात कळत नाही. एकदा साफ झालं की 'डिस्क स्पेस'मधलं आपोआप कॉम्पॅक्ट चालू ठेवा.

बाह्य ड्राइव्हवर प्रोफाइल ठेवली असेल तर तो ड्राइव्ह फॅट-३२ नाही ना, हे बघा. त्या पद्धतीत एका फाइलला चार जीबीची मर्यादा असते आणि मोठा इनबॉक्स तिथे हमखास मोडतो.

पावसात वीज गेली की

जून-जुलैत दिवसातून चारदा वीज जाते-येते, तेव्हा डेस्कटॉप धाडकन बंद होतात. मेलच्या मूळ फाइलला त्याने सहसा फारसं होत नाही, पण तिची सूची असलेली एमएसएफ फाइल आणि इंडेक्सचा डेटाबेस अर्धवट लिहिलेले राहतात. पुढच्या वेळी उघडताना थंडरबर्ड सूची आणि मूळ फाइल जुळवत बसतो. 'पाऊस सुरू झाला की मशीन मंदावतं' ही तक्रार दरवर्षी येते, ती यामुळे.

इलाज फोल्डरनिहाय 'रिपेअर'. खूप फोल्डर बिघडले असतील तर प्रोग्रॅम बंद करून प्रोफाइलमधल्या 'मेल' आणि 'आयमॅपमेल' या फोल्डरांतल्या फक्त एमएसएफ एक्स्टेंशनच्या फाइली हलवून ठेवल्या तरी चालतं. थंडरबर्ड त्या नव्याने बनवतो. त्याच नावाची, पण एक्स्टेंशन नसलेली फाइल म्हणजे प्रत्यक्ष मेल. तिला अजिबात हात लावू नका. रिपेअरनंतर त्या फोल्डरची रकान्यांची मांडणी आणि क्रम मूळ स्थितीत जातो, तेवढं परत लावून घ्या.

कायमचा उपाय म्हणजे यूपीएस. साधा ६०० व्हीएचासुद्धा थंडरबर्ड नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. मात्र बॅटरी जुनी झाली असेल तर तो शोभेचाच. पावसाळ्याआधी प्लग काढून एकदा तपासा.

अँटिव्हायरस

टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्डच्या बरोबरीने 'ॲंटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' वर असेल तर दोघे एकमेकांना पळवत आहेत. नवी मेल आली की इनबॉक्सची फाइल बदलते, बदलली की विंडोज डिफेंडर ती पुन्हा तपासायला घेतो, आणि ती फाइल काही जीबींची असते. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', 'एक्सक्लूजन्स' इथे प्रोफाइल फोल्डर जोडा. फक्त तो एकच, अख्खा ॲपडेटा नव्हे.

याने धोका वाढतो का? जोडलेली फाइल उघडताना ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते आणि तिथे तपासली जातेच. उलट न वगळण्यातला धोका जास्त दुखरा आहे: एका विषारी मेलपायी अँटिव्हायरस कधीकधी पूर्ण इनबॉक्सची फाइल क्वारंटाइनमध्ये टाकतो. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर त्याचं 'ईमेल स्कॅनिंग' वेगळं बंद करावं लागतं.

एकच मेलपत्ता, पाच मशीन

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत हा प्रकार नेहमीचा. रिझर्व्हेशनचा एकच पत्ता रिसेप्शनवर, आतल्या कार्यालयात, मॅनेजरच्या लॅपटॉपवर आणि दोन फोनांवर उघडा. थंडरबर्ड प्रत्येक आयमॅप खात्यासाठी (ज्यात मेल सर्व्हरवरच राहते) मुळात सर्व्हरशी पाच जोडण्या धरून ठेवतो. तीन मशीनच्या झाल्या १५, आणि जीमेल एका खात्याला एका वेळी १५ च जोडण्या देतं. फोन आले की मर्यादा ओलांडली. मग सर्व्हर जोडणी तोडतो, थंडरबर्ड पुन्हा जोडतो, फोल्डरची यादी पुन्हा तपासतो, आणि हंगामात हे दिवसभर चालतं.

प्रत्येक मशीनवर 'अकाउंट सेटिंग्ज', 'सर्व्हर सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड' इथे जोडण्यांची संख्या दोनवर आणा. दर मिनिटाला मेल तपासायचं कुणीतरी लावून ठेवलेलं असतं, ते १० मिनिटांवर न्या. सर्व्हर नवी मेल तशीही लगेच कळवतो.

जीमेलची दुसरी खोड म्हणजे 'ऑल मेल'. इनबॉक्समधली आणि लेबलखालची प्रत्येक मेल त्या फोल्डरमध्ये पुन्हा असते, म्हणजे दुप्पट उतरवणं आणि दुप्पट इंडेक्स. ब्राउझरमधून जीमेलच्या सेटिंगमध्ये 'लेबल्स'खाली 'ऑल मेल'समोरचं 'शो इन आयमॅप' काढा. 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'मध्ये सगळी मेल उतरवण्याऐवजी शेवटचे सहा महिने किंवा एक वर्ष ठेवा. परवाच्या पाहुण्याचं व्हाउचर हवं असतं, तीन हंगामांपूर्वीचं नव्हे. गुगल वर्कस्पेसच्या खात्यावर आयमॅपमधून दिवसाला २५०० एमबीपर्यंतच उतरवता येतं, तेव्हा सगळी मशीन एकाच दिवशी नव्याने सिंक करायला लावू नका.

ॲड-ऑन आणि पडदा

डिस्क शांत असेल तर 'हेल्प'मधून 'ट्रबलशूट मोड' निवडा, किंवा 'शिफ्ट' दाबून धरून प्रोग्रॅम उघडा. समोर येणाऱ्या खिडकीत कुठल्याही चौकटीत खूण न करता तसेच पुढे जा, नाहीतर बदल कायमचे होतात. या मोडमध्ये ॲड-ऑनही बंद होतात आणि ग्राफिक्सची हार्डवेअर मदतही. म्हणून इथे आकडा उतरला तर लगेच ॲड-ऑनवर खापर फोडू नका. आधी नेहमीच्या मोडमध्ये 'जनरल'मधली 'यूज हार्डवेअर ॲक्सिलरेशन' ही खूण काढून बघा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर तेवढ्यानेच भागतं. नाहीच झालं तर निम्मे ॲड-ऑन बंद, मग उरलेल्यांतले निम्मे, असं करत दोषी गाठा.

कॅलेंडर असेल तर प्रत्येक ऑनलाइन कॅलेंडरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ताजं करण्याचा काळ वाढवा; 'ऑफलाइन सपोर्ट'ची खूण काढून पुन्हा दिली की त्याची कॅशे नव्याने बनते. मेसेज फिल्टरमध्ये 'बॉडी'त शब्द शोधणारे नियम कमी करा. विषय आणि पाठवणारा यांवर चालणारे नियम हलके असतात.

मशीनच दमलं असेल तर

'परफॉर्मन्स' टॅबमध्ये 'बेस स्पीड' आणि सध्याचा 'स्पीड' ताडून बघा. भार असतानाही वेग बेसच्या बराच खाली अडकला असेल तर लॅपटॉप उष्णतेने स्वतःला आवरतोय, आणि तेच काम मोठ्या टक्क्यात दिसतंय. डिचोली-सांगे भागातली लाल धूळ, वर समुद्रकाठचा दमटपणा: पंख्याच्या जाळीवर याचा घट्ट थर बसतो. तिथे थंडरबर्डला दोष देण्यात अर्थ नाही, जाळी साफ करून घ्या.

विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर २०२३ ची ११५ ही थंडरबर्डची शेवटची आवृत्ती. त्यापुढच्या दुरुस्त्या तिथे पोचणार नाहीत.

सगळं करूनही आकडा रुतलेलाच असेल तर 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधल्या 'अबाउट प्रोफाइल्स'मधून नवी प्रोफाइल बनवा आणि तीत फक्त एक आयमॅप खातं जोडा. ती शांत राहिली तर तिथेच वस्ती करा. जुन्या प्रोफाइलमधून पत्त्यांची वही एक्सपोर्ट करून आणा, पॉपचे जुने फोल्डर 'लोकल फोल्डर्स'खाली एकेक करून आणा आणि प्रत्येकानंतर टास्क मॅनेजर बघा. जुने ॲड-ऑन आणि सेटिंगची फाइल उचलून आणू नका, त्यांच्याबरोबर आजारही येतो. जुना फोल्डर लगेच पुसू नका; महिनाअखेरीची बिलं आणि पावत्या नव्या प्रोफाइलमध्ये सापडतात की नाही हे बघून मगच त्याला निरोप द्या.